इंजिनिअर म्हणून परदेशात ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामावर स्वयंसेवक म्हणून कसं जाता येतं? आणि आपण गेल्याचा तिथल्या लोकांना खरंच उपयोग होतो का?

जाता येतं. कसं ते शेवटी सांगतो. "खरंच उपयोग होतो का" हा प्रश्न मात्र मला झोंबला, कारण युगांडात आमच्या प्रकल्पप्रमुखाने मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर देईपर्यंत तो गाडीत बसून निघून गेला होता. तेव्हा ते उत्तर आता इथे लिहितो.

मी जालन्याचा. जगभरात जो इंडिया मार्क २ हातपंप दिसतो त्याचं मूळ आमच्याकडचं आहे, हे पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसतं. बिडाचे जुने पंप सारखे मोडायचे म्हणून जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी पोलादी पंप बनवला, पुढे सोलापूरला त्यात सुधारणा झाली आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्या सोलापूर पंपावरून मार्क २ तयार झाला. युगांडात तोच पंप यू-२ नावाने सरकारी मानक आहे. मध्य युगांडातल्या एका खेड्यात लाल मुरमाच्या रस्त्याकडेला आपला हापसा उभा बघून माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? गावातल्या एका आजोबांनी विचारलं, दुकान टाकायला आलास का? १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं, पण भारतीय म्हणजे दुकानदार हे समीकरण काही तिथून गेलेलं नाही. आम्ही सुटे भाग घ्यायचो ते कंपालातलं दुकानही गुजराती माणसाचंच होतं.

तर तो हापसा आमच्या यादीत "चालू" असा नोंदलेला होता. दांडा मारला की पाणी येत होतं, म्हणजे चालू. पण पिवळे जेरीकॅन घेतलेल्या बायका त्याच्यावरून पुढे खाली दलदलीकडे जात होत्या, जिथे गुरंही पाणी पितात. मी विचारलं तर एकीने पहाटेचं पहिलं पाणी भांड्यात काढून दाखवलं. विटकरी रंगाचं. त्या पाण्याचा चहा काळा पडतो, पांढरा शाळेचा शर्ट धुतला की पिवळा होतो, आणि चव म्हणजे खिळा चोखल्यासारखी. तुम्ही पाजाल का पोरांना?

आमच्या कार्यालयाचं म्हणणं, इथल्या जमिनीतच लोह आहे, त्याला इलाज नाही. मला ते पटेना. याची तपासणी अगदी सोपी आहे. रात्रभर बंद असलेल्या पंपाचं पहाटेचं पहिलं पाणी घ्यायचं, मग तास-दोन तास सतत हापसत राहायचं आणि पुन्हा नमुना घ्यायचा. लोह जमिनीतून येत असेल तर दोन्ही नमुन्यांत साधारण सारखंच राहतं. दुसऱ्यात एकदम उतरलं तर ते रात्रभर पाइपातून सुटलेलं लोखंड. आमचं उतरलं. मीटर लावला तर पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचा आकडा, सहाच्याही खाली; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जीआय पाइपावरचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपावरचा, जस्ताचा थर टिकत नाही आणि आतलं लोखंड उघडं पडतं. हे ऐंशीच्या दशकापासून माहीत असलेलं आहे, मी काही शोध लावला नाही.

मग मेकॅनिकला बोलावलं. साठीचा माणूस, सायकलच्या कॅरिअरला पाने बांधून फिरणारा. मार्क २ चा सिलिंडर, म्हणजे खाली बोअरमध्ये पाणी उचलणारा भाग, वर काढायचा तर ३-३ मीटरचे सगळे पाइप एकेक करून उपसावे लागतात, त्यामुळे गावातले सात-आठ जण हाताशी धरले. खालचे पाइप वर आले ते बघण्यासारखे होते. आटे खाल्लेले, मध्ये भोकं, एक तर हातातच तुटला. मेकॅनिक निवांतपणे म्हणाला, असे मी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि तुमच्यासारखे लोक पुन्हा तेच आणून देतात.

हे सगळं घेऊन मी प्रमुखाकडे गेलो. स्टेनलेस स्टीलचे पाइप महाग पडतात, मान्य, पण माझ्या हिशेबाने एका नव्या बोअरच्या खर्चात असे तीन जुने पंप कायमचे सुधारत होते. तो म्हणाला, यंदाच्या आराखड्यात नवी बोअर आहेत, दुरुस्ती नाही. देणगीदाराला बोअर मोजून दाखवायची असतात. शिवाय पंप तुझ्याच देशाचा आहे, तुला तर आनंद व्हायला हवा. आणि मग तो प्रश्न: आपल्याला इथे अशाने खरंच काही उपयोगी करता येईल असं वाटतं का तुला?

जिल्ह्याच्या पाणी अधिकारी बाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, म्हणून पुढचं झालं. त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्यांच्या पत्राला कोणी उत्तर देत नव्हतं. माझे आकडे त्यांनी आपल्या सहीने वर पाठवले. एका नव्या बोअरचे पैसे वळवले गेले, तीन हापशांना स्टेनलेसचे पाइप बसले आणि पहाटेचं पाणी स्वच्छ यायला लागलं. बायका काही लगेच परतल्या नाहीत, पण पावसाळा सरेपर्यंत बऱ्याच जणी यायला लागल्या.

तर ऐका साहेब, उपयोग इथे होतो. नवं बांधायला तिथे तुमची गरज नाही, ड्रिलिंगचे ठेकेदार तिथलेच आहेत आणि आपल्यापेक्षा बरे आहेत. बांधलेलं का बंद पडलं हे शोधायला आणि "चालू" शब्दावर विश्वास न ठेवायला बाहेरचा माणूस कामी येतो, कारण त्याला बढती अडकण्याची भीती नसते. आणि ज्याला मोजायचेच असतील त्याने हापसे मोजू नयेत, त्यावर आलेल्या बायका मोजाव्यात.

आता कसं जायचं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. त्यांच्या संकेतस्थळावर जागा निघतात; त्यांच्या "स्पेशालिस्ट" गटातून जायचं तर वय किमान २७ लागतं. पगार नसतो, पण निर्वाहभत्ता, प्रवास आणि विमा मिळतो. खाऊनपिऊन राहता येतं, घराचा हप्ता फेडता येत नाही. स्वयंसेवकाकडूनच हजारो रुपये घेऊन दोन आठवडे विहीर खणायला नेणाऱ्या कंपन्या असतात, तिकडे फिरकू नका. ती सहल आहे. फ्रेंच येत असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच जागा खुल्या होतात.

नोकरीला फायदा होतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. मला परतताना जे पत्र मिळालं त्यात "नियोजनाशी जुळवून घेण्यात अडचण" असं वाक्य होतं. पुढच्या मुलाखतीला मी ते सगळ्यांत वर ठेवून गेलो होतो, नोकरी मिळाली. सगळ्यांचं असं होईलच असं नाही.

आणि हो, माझा अनुभव फक्त हातपंपांचा आणि एकाच भागाचा आहे. नेपाळच्या डोंगरात झऱ्याचं पाणी उताराने नळाला आणतात, तिथली दुखणी वेगळी. सगळीच जीआय वाईट असंही माझं म्हणणं नाही, आपल्याकडे बसाल्टातलं, म्हणजे काळ्या दगडातलं, पाणी सहसा आम्लधर्मी नसतं, म्हणून जालन्यात तोच पाइप वर्षानुवर्षं टिकतो. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मला नको.

आजवर फक्त ऑफिसात बसून डिझाइन केलं असेल तर अर्ज करण्याआधी आपल्या जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर आठवडाभर फिरा. ते आधी हात लावू देणार नाहीत. पाने द्यायचं काम करा, चहा पाजा, तिसऱ्या दिवशी स्वतःहून बोलायला लागतात.