कामगारांना वाईट वागवणाऱ्या कंपनीकडून घ्यावं का? आधी ते कामगार काय मागतायत ते बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: ज्या ऑनलाइन कंपनीकडून तुम्ही घरातलं जवळपास सगळं मागवता, तिच्या गोदामातल्या लोकांना पाणी प्यायला, बाथरूमला जायलासुद्धा धड वेळ मिळत नाही हे वाचल्यापासून ऑर्डर करताना तुमचा हात अडतो, आणि नवरा म्हणतो की तू एकटीने बंद करून काय होणार, उलट त्याच लोकांच्या नोकऱ्या जातील. मी नऊ वर्षं कपड्यांच्या कारखान्यांत ऑडिटचं काम केलंय, म्हणजे मोठ्या ब्रँडच्या वतीने जाऊन कामगारांना नीट वागवतात का ते तपासायचं, त्यामुळे यावर माझं मत ठाम आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी एक प्रसंग सांगते. एका कारखान्यात कामगारांशी एकेकटं बोलायला बसले होते, त्यातली शिलाई लाइनवरची एक बाई सगळ्या प्रश्नांना पढवल्यासारखं "सगळं चांगलं आहे" म्हणत होती आणि उठताना दाराकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, ऑर्डर काढून घेऊ नका, फक्त टोकन बंद करायला सांगा." टोकन म्हणजे काय, तर चाळीस बायकांच्या लाइनला बाथरूमला जायचे दोनच बिल्ले, ते सुपरवायझरच्या टेबलावर, आणि बिल्ला परत आल्याशिवाय पुढची उठायची नाही. मी ते रिपोर्टमध्ये लिहिलं, ब्रँडने पत्र पाठवलं, दोन महिन्यांनी परत गेले तेव्हा टोकन गेलं होतं. पगार होता तेवढाच होता, ओव्हरटाइमचा घोळही तसाच होता, त्यामुळे सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण तिला नेमकं काय हवं होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न बदलला. मी घ्यावं का हे नंतर, आधी तिथे काम करणारे काय मागतायत?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात डेलानो भागात 1965 साली द्राक्षमळ्यातल्या मजुरांनी संप केला, आधी फिलिपिनो मजूर उतरले, मग सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना सामील झाले. नुसत्या संपाने मालक हलेनात कारण दुसरे मजूर आणून तोडणी चालूच होती, तेव्हा या लोकांनीच शहरांशहरांत माणसं पाठवून गिऱ्हाइकांना सांगितलं की आमचा करार होईपर्यंत ही द्राक्षं घेऊ नका. लाखो घरांनी घेतली नाहीत आणि जुलै 1970 मध्ये डेलानोच्या बड्या बागायतदारांनी संघटनेशी करार केले. म्हणजे बहिष्कार चालतो, पण इथे तो कुणी पुकारला होता ते बघा, तो कधी संपवायचा हे कोण ठरवणार होतं तेही बघा. गिऱ्हाईक त्या मजुरांच्या मागे उभं होतं. फ्लोरिडातल्या इमोकली गावाकडच्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांचंही तसंच, त्यांनी 2001 साली ते टोमॅटो घेणाऱ्या टॅको बेल या फास्टफूड कंपनीवर बहिष्कार पुकारला, मागणी काय तर एक पौंड वजनाच्या टोमॅटोमागे एक सेंट जादा द्या आणि वागणुकीचे नियम माना, आणि मार्च 2005 मध्ये कंपनीने ते मान्य केल्यावर बहिष्कार उठवलाही त्यांनीच.

आता उलटं उदाहरण, जे मला जास्त अस्वस्थ करतं. 1992 साली अमेरिकन सिनेटमध्ये बालकामगारांनी बनवलेला माल देशात येऊ द्यायचा नाही असं विधेयक आलं. हेतू चांगला होता, त्यात शंका नाही. पण ते पास झालेलं नसतानाच बांगलादेशातल्या कपडा कारखानदारांनी घाबरून मुलांना कामावरून काढायला सुरुवात केली, युनिसेफच्या 1997 च्या अहवालात हा आकडा अंदाजे 50,000 दिलाय, आणि त्यातली बरीच मुलं शाळेत गेली नाहीत, खडी फोडायला गेली, रस्त्यावर गेली, काही वेश्याव्यवसायात ओढली गेली. नंतर 1995 मध्ये कारखानदारांची संघटना, आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा करार झाला, त्यात मुलांसाठी शाळा आणि घराला थोडा भत्ता अशी सोय केली. शाळा आणि भत्ता आधी, काढणं नंतर, हा क्रम सुरुवातीपासून ठेवला असता तर त्या मुलांचे हाल वाचले असते. तुमचे मिस्टर म्हणतात त्यात एवढं खरं आहे, आणि ते उडवून लावू नका.

पण त्यावरून "मग काहीच करू नये" असं निघत नाही. राणा प्लाझा आठवा. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळ सावरमध्ये आठ मजली इमारत कोसळली, 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं, आणि वरच्या कपडा कारखान्यांतल्या लोकांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. बँकेच्या लोकांना घरी राहता आलं आणि शिलाईवाल्यांना येणार नाही म्हणता आलं नाही, मला या सगळ्या विषयाचं मूळ तिथेच दिसतं, नाही म्हणता येण्याची सोय कुणाला आहे आणि कुणाला नाही. त्यानंतर जगभरात एवढा ओरडा झाला की मे 2013 मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बांगलादेशसाठी अकॉर्ड नावाचा, कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार झाला, पुढे 200 च्या वर कंपन्या त्यात आल्या. तो कायद्याने बंधनकारक होता, तपासणीचे अहवाल सगळ्यांना बघायला खुले, कारखाना दुरुस्ती करत नसेल तर करारातली एकही कंपनी त्याला काम देणार नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कलम म्हणजे ब्रँडनी निदान पहिली दोन वर्षं तरी बांगलादेशातून काम काढून पळायचं नाही. त्या वेळी कामगार संघटनांनी गिऱ्हाइकांना "बांगलादेशचे कपडे घेऊ नका" असं सांगितलं नाही, तुमच्या ब्रँडला सही करायला लावा असं सांगितलं. लोकांनी दुकानांसमोर उभं राहून, पत्रं लिहून तेच केलं.

बंधनकारक या शब्दावर मी अडून बसते त्याला कारण आहे. ऑडिट म्हणजे काय ते मी आतून पाहिलंय. आम्ही येणार हे बहुतेक वेळा आधी कळवलेलं असायचं, त्या दिवशी फायर एक्झिटचं कुलूप निघायचं, हजेरीची दोन रजिस्टरं असायची, एक आम्हाला दाखवायला आणि एक खरं, आणि कमी वयाच्या मुलींना त्या दिवशी सुट्टी. एवढ्या मोठ्या कारखान्याला दोन दिवस, कधी एकच. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला कामगारांना नीट वागवतो असं सर्टिफिकेट मिळून काही आठवडेच झाले होते तेव्हा 11 सप्टेंबर 2012 ला तिथे आग लागली आणि अडीचशेच्या वर लोक गेले, खिडक्यांना गज आणि दारं बंद म्हणून त्यांना बाहेर पडता आलं नाही. तेव्हा वेबसाइटवर छान छान लोगो आणि "आम्ही आमच्या लोकांची काळजी घेतो" हे वाचून तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जात असाल तर जरा थांबा. महाग म्हणजे चांगलं हेही डोक्यातून काढा, एकाच लाइनवर सकाळी स्वस्त दुकानाचं लेबल आणि दुपारी भारी ब्रँडचं लेबल लागताना मी कितीदा पाहिलंय, शिवणारी बाई तीच, पगार तोच.

अजून एक, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. कारखान्यातल्या रात्रपाळ्या बऱ्याचदा मालकाच्या दुष्टपणापेक्षा ब्रँडच्या ऑर्डर देण्याच्या पद्धतीमुळे होतात. शिपमेंटला आठवडा राहिला असताना रंग बदला, नग वाढवा, तारीख मात्र तीच, आणि उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा खर्च कारखान्याच्या माथी. मग लाइन रात्री दोनपर्यंत चालते. गोदामाचंही तेच आहे, उद्याच पाहिजे हे बटण आपण दाबतो तेव्हा ते तास कुणाच्या तरी पाठीवरून जातात. कंपनी सोडली नाहीत तरी घाईचा पर्याय सोडणं, चार ऑर्डर एकत्र करणं, तीन साइज मागवून दोन परत न करणं, एवढं आजपासून करता येईल. त्याने कंपनी सुधारत नाही हे मला मान्य आहे, पण मी स्वतः करते.

जिथे मी सरळ बंद करते ते वेगळं. कामगाराला बोलताच येत नाही, काम सोडून जाता येत नाही, तिथे "आत राहून सुधारू" याला काही अर्थ उरत नाही. चीनमधल्या शिनजियांग प्रांताच्या कापसाचं उदाहरण घ्या, तिथे उइगुर या अल्पसंख्याक मुस्लिम लोकांकडून सरकारी सक्तीने काम करून घेतलं जातं असे आरोप आणि पुरावे पुढे आल्यावर 2020 मध्ये काही ऑडिट कंपन्यांनीच तिथे तपासणी करायला नकार दिला, कारण कुणीही मोकळेपणी बोलू शकत नव्हतं, आणि बाहेरच्या उइगुर संघटना स्वतःच कंपन्यांना निघा म्हणतायत. अमेरिकेने 2021 मध्ये त्यासाठी कायदा केला, तिथला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं धरून चालायचं आणि नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. इथे मी दुसरा विचार करत नाही.

आणि ज्यांना स्वस्तातलं घेण्यावाचून गत्यंतर नाही त्यांना कुणी लाज वाटायला लावू नये. गोदामात काम करणारे स्वतः तिथूनच घेतात. ज्याच्या हातात निवडायची सोय आहे त्याच्यावर जबाबदारी जास्त, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त ज्यांची खरेदी मोठी आहे त्यांच्यावर, म्हणजे ऑफिसं, कॉलेजं, हॉस्पिटलं. तुम्ही नोकरी करत असाल तर तुमच्या ऑफिसचे युनिफॉर्म, बॅगा कुठून येतात हे विचारणं तुमच्या घरच्या वर्षभराच्या ऑर्डरपेक्षा जड पडू शकतं.

गुपचूप बंद करण्याचा उपयोग मात्र जवळपास शून्य. कंपनीला आकडा खाली गेलेला दिसेल, कारण दिसणार नाही, तिला वाटेल डिस्काउंट कमी पडला. 1990 च्या दशकात नायके कंपनीवर वर्षानुवर्षं कारण सांगून टीका झाली म्हणून 1998 मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाईट यांना जाहीरपणे मान्य करावं लागलं की आपल्या मालाचं नाव तुटपुंज्या मजुरीशी आणि सक्तीच्या ओव्हरटाइमशी जोडलं गेलंय, आणि 2005 मध्ये कंपनीने आपल्या कारखान्यांची यादी खुली केली.

तर तुमच्यापुरतं मी असं सुचवेन. त्या गोदामातल्या कामगारांची संघटना आहे का शोधा, त्यांनी बहिष्कार किंवा अमुक दिवशी खरेदी करू नका असं म्हटलंय का बघा, म्हटलं असेल तर तो दिवस पाळा आणि कंपनीला कळवा की का पाळला. म्हटलं नसेल तर चालू ठेवून लिहा, मोघम नको, असं: तासाचं टार्गेट किती आहे, बाथरूमला गेलेला वेळ त्यातून कापला जातो का, ठेकेदाराकडच्या माणसांना कायम लोकांइतकाच पगार आणि आजारपणाची रजा मिळते का. पहिलं उत्तर छापील येईल, तेच प्रश्न परत पाठवा. महिनाभरात काही आलं नाही तर थोडी थोडी खरेदी दुसरीकडे न्यायला लागा आणि शेवटच्या मेलमध्ये तेही लिहा, यजमानांचं नावसुद्धा खाली घाला, कारण पैसे दोघांचे जातायत.