विंगेतून ऐकू येणारा खोकला

(वाचकांचे प्रश्न, नटाची उत्तरं. या वेळी उत्तरं देतायत नाशिकचे एक नट, गेली 24 वर्षं आधी हौशी आणि मग व्यावसायिक रंगभूमीवर काम करणारे.)

प्रश्न : तुम्हाला मालिकेत बघायचो, छान वाटायचं. मग परत नाटकात का गेलात? तिकडे पैसे जास्त ना? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : जास्तच हो, खोटं कशाला बोलू. फ्लॅटचे हप्ते मालिकेनेच फेडलेत, नाटकाच्या नाइटमधून, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनातून, पेट्रोल आणि किराणा निघाला तरी मी खूश असतो. पण मालिकेत मी जीव तोडून रडलो तरी समोर कॅमेऱ्यामागे जी चार माणसं असतात त्यांचं लक्ष मी खुणेच्या पट्टीवर उभा आहे का, चेहऱ्यावर लाइट बरोबर आहे का याकडे, आणि त्यांचं चूक नाही, ते त्यांचं काम आहे. तुम्ही ते रडणं बघणार पंधरा दिवसांनी, मेथी निवडता निवडता.

नाटकात मला लगेच कळतं. कशावरून सांगू? टाळीवरून नाही, टाळी लोक भिडेखातरही देतात. खोकल्यावरून. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग परशुराम साईखेडकर नाट्यगृहात व्हायचे तेव्हा थंडीचे दिवस असायचे, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीय, मफलर गुंडाळून अर्धं प्रेक्षागृह सर्दीने बेजार, त्यामुळे खोकला हा आमच्या प्रत्येक नाटकाला फुकटचं पार्श्वसंगीत. तेव्हा विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेला पडद्याआड, उभं राहून माझ्या लक्षात आलं की खोकल्याचे दोन प्रकार असतात. एक घशातून येतो आणि माणूस तो रुमालात दाबतो. दुसरा कंटाळ्यातून येतो, तो कोणी दाबत नाही, उलट एकाने सुरू केला की पाच जण मागोमाग खोकतात, जांभईसारखं. आणि एखाद्या प्रवेशात चारशे सर्दीवाली माणसं एकदम गप्प होतात, खरोखरचा खोकलासुद्धा थांबतो, श्वास धरून बसतात, आणि तुमचा पॉज संपला की मग सगळे मिळून खोकतात. मला तेवढ्यासाठी नाटक करायचंय बघा. ते खोकणं माझ्यासाठी बक्षीस आहे, हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, डॉक्टरला दाखव.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे, वय 38, शिफ्ट ड्युटी. नाटकात काम करायची फार इच्छा आहे. उशीर झाला का? – एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही झाला. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्य स्पर्धा असतात त्या तुमच्यासारख्यांसाठीच, कंपनीत विचारून बघा, एखादा ग्रुप सापडेलच. फक्त एक करा, पहिल्याच दिवशी रोल मागू नका. आधी दोन महिने तालमीला नुसते जाऊन बसा, प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे अडलेल्याला वाक्य सांगा, खुर्च्या हलवा. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं येतात आणि कोण कुठे अडखळतं तेही कळतं, माझं शिक्षण तिथेच झालं. सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात जमणार नाही, तर तसं आधीच सांगून टाका, न सांगता दांडी मारणारा माणूस तालमीत कोणालाच नको असतो.

प्रश्न : स्टेजवर कधी फजिती झाली का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ढिगाने. एक सांगतो. बाहेरगावच्या प्रयोगाला सेट घाईत लागला आणि दाराची चौकट फुगली का वाकली कोण जाणे, माझ्या एंट्रीला दार उघडेचना. आत माझी नाटकातली बायको वाक्य म्हणून थांबलेली, मी बाहेरून ढकलतोय, सेट नुसता गदागदा हलतोय. शेवटी मी खिडकीतून आलो, धोतर सावरत. आत येऊन म्हटलं, ‘‘बिजागऱ्या कधीपासून बदलायला सांगतोय तुला!’’ तर ती शहाणी पटकन म्हणाली, ‘‘सुतार तुमच्याच ओळखीचा ना?’’ हशा कसला, छप्पर उडालं. गंमत पुढेच आहे, त्याच गावचे एक काका पुढे नाशिकला कालिदास कलामंदिरात आमचा प्रयोग बघायला आले आणि नंतर मेकअप रूममध्ये येऊन नाराजीने म्हणाले, तो खिडकीचा सीन का काढला हो?

काकांना काय सांगणार, तो सीन आम्ही लिहिलाच नव्हता.

प्रश्न : नाशिकचा नट म्हणजे ‘नटसम्राट’ करायचं स्वप्न असणारच ना? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : हे मला रिक्षावालेसुद्धा विचारतात! तात्यासाहेब शिरवाडकर आपल्या गावचे, 1970 ला नाटक आलं, डॉ. लागूंनी त्यातला म्हातारा नट आप्पा बेलवलकर उभा केला, त्यामुळे इथल्या शाळेतल्या स्नेहसंमेलनातसुद्धा एखादा पोरगा चादर पांघरून स्वगत म्हणतोच. मीही म्हटलंय. पण खरं सांगू, मी हौशीत असताना त्यात राजाचं काम केलं, बूटपॉलिशवाल्या पोराचं, आणि मला ते जास्त आवडलं. आप्पांचं काम करणारे आमच्यातलेच एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ होते आणि मला त्यांचं ऐकत बसायचं होतं, बाकी विशेष काही नाही. ऐकणं दिसतं स्टेजवरून. जो नुसता स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा असतो तो पाचव्या रांगेतल्या माणसालाही कळतो. आप्पा मला आता या वयात झेपतील का? पाठांतर होईल, पण तेवढा दम आहे का ते बघावं लागेल.

प्रश्न : दुपारचा प्रयोग बघावा का रात्रीचा? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : रात्रीचा. रविवारी सकाळी मिसळ, मग घरचं जेवण आणि मग दुपारचा प्रयोग म्हणजे पहिल्या अंकात तुम्ही हसायला दोन सेकंद उशीर करता, आम्ही पुढचं वाक्य बोलून टाकतो आणि दोघांचाही पचका होतो.

प्रश्न : तिकीट कुठल्या रांगेचं काढू? मला सध्या खोकला आहे, यावं की नको? – एक वाचक, सिडको

उत्तर : पाचवी ते आठवी, कडेची सीट घ्या. खडीसाखर खिशात ठेवा, पण तिचा कागद घरीच सोलून या, कृपा करा. आणि या बिनधास्त. घशातला आहे का दुसरा, ते मला विंगेत कळेलच.