आयडी बंद, मागून घेतलेला राजीनामा आणि रात्रीचा जनरेटर

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली तीन पत्रं या वेळी घेतली आहेत. तिन्ही पत्रांत समोरची कंपनी मोठी आहे आणि उत्तर द्यायला मात्र कुणीच पुढे येत नाही.

प्रश्न : तीन वर्षं जेवणाच्या ऑर्डर पोचवतोय. सोमवारी सकाळी ॲप उघडलं, तर ‘तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे’ एवढाच मेसेज. ११ दिवसांचे पैसे अडकलेत. टीम लीडर म्हणतो, सिस्टिमने केलंय, माझ्या हातात काही नाही. दाद कुठे मागू?
– एक रायडर, कासारवडवली, ठाणे

उत्तर : सिस्टिम आपणहून कुणाच्या पोटावर पाय देत नाही. ओळख पटवायची सेल्फी जुळली नाही, लोकेशन चुकलं, ग्राहकाने तक्रार केली, यातल्या कशावर आणि कितव्यांदा खातं बंद करायचं, हे कंपनीतल्या माणसांनीच ठरवून ठेवलेलं असतं. ते त्यांच्याकडून लेखी काढून घ्यायचं.

आज पहिलं काम फोनचं. ॲप काढून टाकू नका, लॉगआउट करू नका. स्क्रीन रेकॉर्डिंग लावून बंद झाल्याचा मेसेज, जुन्या ऑर्डर, आठवड्याचे पेआउट, इन्सेंटिव्हचे टप्पे, रेटिंग आणि तक्रारीचा तिकीट नंबर, जे जे अजून उघडतंय ते सगळं टिपा. हे पुढे दिसेनासं होऊ शकतं. काहीच उघडत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा आणि आयकराच्या पोर्टलवरून फॉर्म २६ एएस उतरवून घ्या. टीडीएस कापला असेल तर तो कापणाऱ्याचं नाव आणि टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) त्यात असतो. अनेकदा पिशवीवर छापलेलं नाव एक आणि पैसे टाकणारी एजन्सी दुसरीच निघते. मग पत्र दोघांनाही पाठवायचं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पत्र एका पानाचं असू द्या. कोणत्या तारखेच्या कोणत्या ऑर्डरवरून खातं बंद केलं? निर्णय कुणी माणसाने तपासला का, त्याचं पद काय? ११ दिवसांच्या ऑर्डर किती, दर काय, कपात कशाची? १५ दिवसांत खातं सुरू करा, नाहीतर कारण लेखी द्या. हे ॲपच्या चॅटमध्ये टाकू नका, तिकीट बंद झालं की चॅटही जातं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.) पत्ता आणि कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे नोंदणी नंबर बिलावर किंवा संकेतस्थळावर सापडतो.

आता कायदा, आणि इथे खोटी आशा दाखवणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने तुमच्यासारख्या ॲपवरून कामं घेणाऱ्यांना गिग कामगार ही ओळख दिली, पण ‘पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा’ अशी. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत भरायची, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. हा पैसा विम्याचा, आजारपणाचा. त्याने बंद आयडी उघडत नाही. कर्नाटकाच्या २०२५च्या कायद्यात काम बंद करण्याआधी १४ दिवसांची सूचना आणि लेखी कारण देणं बंधनकारक आहे, पण ते कलम कासारवडवलीत चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार मानलं, कारण दर, रेटिंग आणि शिस्त सगळं कंपनीच्या हाती होतं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, मात्र युक्तिवाद तोच मांडता येतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही एक उपयोगी तरतूद आहे : ज्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय होणार, ती अचूक आणि पूर्ण असल्याची काळजी कंपनीने घ्यायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ही जबाबदारी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होते.

तोवर अडकलेले पैसे हाच तुमचा पक्का मुद्दा. केलेल्या कामाचं देणं आहे ते, आयडी बंद केल्याने बुडत नाही. पत्राची मुदत संपली की ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा. ते कंपनीला बोलावणं पाठवतात आणि तडजोड झाली तर प्रकरण लोकअदालतीत मिटतं. एक प्रत कामगार उपायुक्तांना द्या. एकाच भागातले पाच-सहा आयडी एकाच आठवड्यात बंद झाले असतील तर अर्ज एकत्र करा, तेव्हा ‘तुमचीच चूक’ हे उत्तर टिकत नाही. आणि ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म (म्हणजे ॲपवरचा) कामगार म्हणून नोंद झाली नसेल तर ती करा. आयुष्मान भारतचं उपचार संरक्षण त्या नोंदीवर अवलंबून आहे.

प्रश्न : ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये टेस्टर आहे, ६ वर्षं ७ महिने झाले. एचआरने मीटिंगला बोलावून सांगितलं, आजच राजीनामा द्या, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर शेरा मारू. सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : राजीनामा देऊ नका. सगळा हिशेब त्या एका सहीवर फिरतो. कंपनीने काढलं तर ती कामगार कपात ठरते आणि भरपाई लागते. तुम्ही आपणहून गेलात तर भरपाईचा प्रश्नच उरत नाही. सोमवारची वाट न पाहता आजच ईमेल करा : ‘अमुक तारखेच्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. माझी तशी इच्छा नाही. मी कामावर हजर आहे. सेवा संपवायची असल्यास लेखी आदेश द्यावा.’ दबावाखाली राजीनाम्याचं बटण दाबून झालं असेल, तर तो स्वीकारला जाण्याआधी मागे घेत असल्याचा ईमेल ताबडतोब टाका.

‘आयटीवाले कामगार नसतात’ असं एचआर ठासून सांगतं. औद्योगिक संबंध संहितेत तांत्रिक काम करणारा कामगार आहे, पगार कितीही असो. १८,००० रुपयांची मर्यादा पर्यवेक्षकांना आहे, आणि व्यवस्थापक बाहेर आहेत. पदाच्या नावात ‘लीड’ असलं तरी दिवसभर तुम्ही टेस्ट केसच चालवत असाल आणि कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नसेल, तर काम बघितलं जातं, नाव नाही.

हिशेब असा. धरून चालू की वेतन महिना ६०,००० आहे. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षं. दर वर्षाला १५ दिवसांचं वेतन, म्हणजे ३०,००० गुणिले ७, एकूण २,१०,०००. एक महिन्याची नोटीस किंवा तिचे ६०,०००. पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं कौशल्य शिकण्यासाठीचा निधी) १५ दिवसांचे ३०,०००, कपातीनंतर ४५ दिवसांत तुमच्या खात्यात. ग्रॅच्युइटी वेगळी आणि ती २६ने भागून काढतात : ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, सुमारे २,४२,३००. इथे चूक बहुतेकदा वेतनाच्या आकड्यात होते. फक्त बेसिक धरलं जातं. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं नव्या कामगार संहितांमधली वेतनाची व्याख्या सांगते. कामावरून काढल्यावर थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवं.

कपातीला सरकारची परवानगी लागते, असं सर्रास सांगितलं जातं. ती अट ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखाने, खाणी आणि मळ्यांना आहे, आयटी कार्यालयाला नाही. त्यावर वेळ घालवू नका.

पुरावा म्हणून नेमणूकपत्र, पगारपत्रकं, मूल्यांकनाची पत्रं आणि बैठकीच्या निमंत्रणाचा फोटो ठेवा. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची फाइल स्वतःच्या मेलवर चुकूनही पाठवू नका. तेवढ्यावरून बडतर्फीचं आयतं कारण मिळतं. काढलंच, तर कामगार उपायुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज करा. मुदत २ वर्षांची आहे. समेट फिसकटल्याचा अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीला लागून आमची सोसायटी. शेजारच्या डेटा सेंटरचा घरघर आवाज रात्रभर येतो, अधूनमधून डिझेलचा वास. वॉचमन म्हणतो साहेबांशी बोला, साहेब भेटत नाहीत.
– सोसायटीचे सचिव, नवी मुंबई

उत्तर : आवाज कशाचा, हे आधी ठरवा. रात्रभर एकसुरात चालणारी आणि उन्हाळ्यात वाढणारी घरघर सहसा सर्व्हर थंड ठेवणाऱ्या चिलर आणि कूलिंग टॉवरच्या पंख्यांची असते. जनरेटर एकदम सुरू होतो, धूर टाकतो आणि काही वेळाने थांबतो : वीज गेली म्हणून किंवा चाचणी म्हणून. हे वेगळं काढायचं कारण की नियम वेगळे आहेत. १,००० केव्हीए (जनरेटरची क्षमता मोजायचं एकक) पर्यंतच्या जनरेटरला कंपनीतून येतानाच आवाजरोधक आवरण लागतं, एक मीटरवर कमाल ७५ डेसिबल. त्याहून मोठ्या संचांच्या खोलीने आवाज किमान २५ डेसिबलने कमी करायला हवा, किंवा परिसराची मर्यादा पाळली जाईल इतका, यात जे जास्त ते. पंख्यांना मात्र परिसराचीच मर्यादा लागते : निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५, औद्योगिक भागात ७०. वाद याच फरकावर होतो, म्हणून इमारतीचा निवासी दाखला तक्रारीला जोडा.

पंधरा दिवस एकाच खिडकीत, एकाच वेळी, पाच-पाच मिनिटं फोनवर मोजणी करून वहीत लिहा. फोनचा आकडा पुरावा ठरत नाही, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाने माणूस कधी पाठवायचा ते त्यातून कळतं. नाहीतर दुपारी १२ला येऊन ‘मर्यादेत’ असा अहवाल लिहिला जातो. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनात, ‘रात्री ११ ते २ दरम्यान, आमच्या गच्चीवर मोजणी करावी’ अशा शब्दांत द्या. प्रत महापालिकेला.

त्याच दिवशी १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. विषय एकच, १५० शब्दांच्या आत, ही महाराष्ट्राची अट आहे. मागायचं ते असं : डेटा सेंटरला मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची (परवानगीची) प्रत, शेवटचा ध्वनी मोजणी अहवाल, शेवटचा तपासणी अहवाल. संमतीपत्रात जनरेटर किती, किती केव्हीएचे आणि धुराड्याची उंची किती हे लिहिलेलं असतं. गच्चीवरून धुराडी मोजा. कागदावर आठ आणि डोळ्यांसमोर बारा असतील, तर तक्रार आवाजापुरती राहत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, पण तारखेवर लक्ष ठेवा : पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्जाची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून ६ महिने आहे, आणि मंडळाशी पत्रव्यवहार करण्यातच ती निघून जाते.