टीबीच्या जंतूला शरीरात टिकायला कोणती जनुकं लागतात, हे सिक्वेन्सिंगवरून कसं कळतं?

तुम्ही पुढे विचारलंय, ‘जीनोम (जंतूचा सगळा डीएनए) १९९८ सालीच वाचून झाला, मग अजून शोधताय काय?’ वाचून झाला हे खरं. पण सुमारे चार हजार जनुकांपैकी संसर्गात नेमकी कुठली कामाला येतात, हे नुसत्या अक्षरांवरून कुठलं कळायला! मी काम करते त्या प्रयोगशाळेत सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायचं तंत्र, वाचण्यापेक्षा मोजण्यासाठीच जास्त लागतं.

मोजायचे ते जनुक मोडलेले जंतू, आणि जनुक मोडायला आम्ही वापरतो ट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएचा उड्या मारणारा तुकडा. आमचा तुकडा टी-ए ही अक्षरं लागोपाठ असतील तिथेच घुसतो; टीबीच्या जीनोममध्ये अशा जागा सत्तर हजारांवर आहेत. घुसला ते जनुक बहुतेक वेळा निकामी. तुकड्यासोबत कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक असतं, त्यामुळे अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) ते औषध घातलं की फक्त म्युटंट, म्हणजे तुकडा घुसलेले जंतू, उरतात. कॉलन्या (एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके) दिसायलाच तीन आठवडे जातात, टीबीत घाई चालत नाही. मग सगळ्या खरवडून एकत्र करायच्या, उंदरांना टोचायच्या, काही आठवड्यांनी प्लीहा वाटून त्यातले जिवंत जंतू पुन्हा वाढवायचे. सिक्वेन्स करायचा तो फक्त तुकडा आणि शेजारचा डीएनए यांचा सांधा. सांध्यावरून म्युटंट कुठला ते कळतं, तो किती वेळा आला यावरून त्याचं प्रमाण. टोचताना भरपूर आणि नंतर गायब, म्हणजे ते जनुक शरीरात लागत असावं.

यातलं माझं आवडतं काम २०१३ सालचं. ट्रिप्टोफॅन (प्रथिनांचा एक घटक) बनवणारी जनुकं मोडलेले जंतू साध्या उंदरात तगेनात, पण सीडी४ या प्रतिकार करणाऱ्या पेशी नसलेल्या उंदरात तगले. म्हणजे या पेशी, जंतू राहतो त्या पेशींकरवी, तिथलं ट्रिप्टोफॅन तोडून त्याची उपासमार करू बघतात, आणि टीबी ते घरीच बनवून निभावतो. ते बनवणं बंद पाडणारा रेणूही त्याच अभ्यासात सापडला.

आता ‘असावं’ का म्हटलं ते. श्वासावाटे संसर्ग दिला तर उंदराच्या फुफ्फुसात मोजकेच जंतू पोचतात. मग हजारो म्युटंट गायब होतात ते निव्वळ नशिबाने. म्हणून शिरेतून लाखांनी टोचावे लागतात, जी टीबीची नैसर्गिक वाट नव्हेच. शिवाय जंतू बाहेर सोडतो त्या पदार्थांचं जनुक मोडलं, तर शेजारचे धडधाकट जंतू त्या म्युटंटला सांभाळून घेतात आणि ते जनुक यादीतून निसटतं. त्यामुळे यादीतलं जे महत्त्वाचं वाटेल त्याचा एकट्याचा म्युटंट बनवून, श्वासावाटे देऊन, पुन्हा पहिल्यापासून कॉलन्या मोजायच्या.