कॉलेजच्या अंकासाठी गावातल्या चित्रपट महोत्सवाचं वार्तांकन कसं करावं?

तीन दिवस, बावीस चित्रपट आणि लिहिणारे तुम्ही चौघं; सगळ्यांची परीक्षणं कशी उरकायची, असं तुम्ही विचारलंय. उरकूच नका. त्यातले बरेचसे चित्रपट आधी कुठे ना कुठे दाखवून झालेले असतात, त्यांच्यावर लिहिणारे लिहून मोकळे झालेले असतात. तुमच्या गावातल्या त्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी काय झालं, हे मात्र तुम्ही लिहिलं नाही तर कुणीच लिहिणार नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. विश्रामबागेत कॉलेजला असताना आमच्या सांगलीतल्या एका महोत्सवाची रोजची पत्रिका मी काढायचे. ए-थ्री कागदाला मधे एक घडी, चार पानं, दोनशे प्रती. छापणारे काका म्हणायचे, "आठच्या आत फाइल आली तर सकाळी अंक, नाहीतर दुपारी घेऊन जा." आणि मुख्य चित्रपट साडेसातचा! मग काय, आयोजकांच्या पुस्तिकेतून गोष्ट उचलली, शेवटी 'प्रेक्षकांनी उत्स्फूर्त दाद दिली' हे हुकमी वाक्य डकवलं आणि पावणेआठला फाइल धाडली. हॉलमध्ये येऊन बघते तर पडदा कोरा. चित्रपट लागलाच नव्हता.

हल्ली चित्रपट हार्ड डिस्कवर येतो आणि बऱ्याचदा त्याला कुलूप असतं. केडीएम नावाची एक छोटीशी फाइल ही त्याची किल्ली. ती ठरावीक थिएटरच्या ठरावीक सर्व्हरलाच लागते, तीही अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंतच. इथे सर्व्हर त्याच आठवड्यात बदललेला आणि किल्ली जुन्याची. चाळीस मिनिटांनी शेवटी दुसऱ्या दिवशीचा चित्रपट लावला. सकाळी आमची 'उत्स्फूर्त दाद' दोनशे प्रतींत छापून हजर. पहिल्या रांगेत बसणारे एक निवृत्त मास्तर अंक घेऊन आले. म्हणाले, "पोरी, टाळ्या मला काही ऐकू आल्या नाहीत. कान तपासून घेऊ का?"

खरी बातमी त्या चाळीस मिनिटांतच होती. ऑपरेटर मधून मधून केबिनबाहेर यायचा आणि नुसती मान हलवून आत जायचा. बाल्कनीत कुणीतरी भडंगाचा पुडा फोडला, तो दोन रांगा फिरला. तासगावकडची माणसं सारखी घड्याळ बघत होती. सव्वानऊला ती पंधरा-वीस जणं चित्रपट अर्धा टाकून उठली, शेवटची एसटी गाठायला. पुढचे दोन दिवस मी मुद्दाम दारात उभी राहिले. रोज तेच. रात्रीच्या चित्रपटाचा शेवट फक्त शहरातल्यांनाच बघायला मिळतो, एवढीच चौकट आम्ही शेवटच्या अंकात टाकली. पुढच्या वर्षी तो खेळ साडेसहाला आला. आमच्यामुळेच आला असं नाही म्हणत, पण ती चौकट कापून आयोजकांनी आपल्या टेबलामागे चिकटवलेली मी पाहिली होती.

तेव्हा दोघांना आत बसवा, एकाला दारात उभं करा. संपादकाला चित्रपट बघायला मिळत नाहीत, मनाची तयारी ठेवा. मला तीन दिवसांत एक मिळाला, तोही दोनदा फोन घ्यायला उठून.

परदेशी नावं देवनागरीत कशी लिहायची याची यादी आदल्या रात्रीच करून चौघांकडे द्या. आमच्या एका अंकात इराणी दिग्दर्शक कियारोस्तामी तीन तऱ्हेने छापला गेला, त्यात एकदा चक्क 'किरोस्तानी'. भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, त्यावरून नाव, भाषा, लांबी वहीत टिपा. मोबाइल काढू नका. आणि यादीतला एखादा चित्रपट ऐनवेळी गळला तर लगेच 'बंदी' असं हेडिंग ठोकू नका. सेन्सॉर न झालेला चित्रपट महोत्सवात दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. ती आली नसेल, किल्ली आली नसेल, नाहीतर सबटायटलशिवायची प्रत आली असेल. आयोजकांना विचारा आणि त्यांचं उत्तर त्यांच्या नावानिशी छापा.

उद्घाटनाला दहा ओळी पुष्कळ झाल्या. सांगलीत पडदा कशाचाही उघडो, भाषण १८४३ सालच्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून निघतं आणि 'नाट्यपंढरी'वर टाळ्या घेऊन थांबतं. त्यापेक्षा चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांना पान द्या. आमचा प्रेक्षक नाटकावर वाढलेला, तो प्रश्न विचारत नाही, स्वगत म्हणतो. कंटाळून वही मिटू नका. रेकॉर्डिंग करा, आधी विचारून.

एका मराठी चित्रपटात हळद शिजवण्याचा प्रसंग होता. दिग्दर्शक प्रकाशयोजनेवर बोलत होते. मागून मार्केट यार्डातले एक हमाल उठले आणि म्हणाले, "सायेब, हळद निघती संक्रांतीनंतर. तुमच्या मागचं रान आखाडातल्यावाणी हिरवंगार कसं?" हॉल हसून लोटपोट. दिग्दर्शकही हसले आणि ऑगस्टमध्ये शूटिंग केल्याचं त्यांनी कबूल केलं. मग यार्डात हळद कशी येते, कशी ओळखतात, यावर ते दोघंच दहा मिनिटं बोलत राहिले. आम्ही ते सगळं बोलीसकट, जसंच्या तसं छापलं. त्या दिवशीचा अंक दहा वाजताच संपला आणि मास्तरांना झेरॉक्स काढून द्यावी लागली.