व्यापाऱ्याचं मृत्युपत्र आणि जुळी मुलं: ४:२:१ हेच उत्तर बरोबर का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना सोपं जाईल. एका व्यापाऱ्याची पत्नी गरोदर आहे. त्याने लिहून ठेवलं: मुलगा झाला तर मालमत्तेचे दोन तृतीयांश मुलाला आणि एक तृतीयांश पत्नीला, मुलगी झाली तर एक तृतीयांश मुलीला आणि दोन तृतीयांश पत्नीला. तो वारला आणि पत्नीला जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी. तुमचं उत्तर मुलगा ४, आई २, मुलगी १ असं आलं आणि पुस्तकातही तेच आहे. पण तुमचा भाऊ म्हणतो की आईला निम्मी मालमत्ता मिळायला हवी, आणि त्याच्या रीतीत तुम्हाला चूक सापडत नाही. तेव्हा कोणाचं खरं, आणि असा घोळ होऊ नये म्हणून मृत्युपत्र कसं लिहायला हवं होतं?

परीक्षेत आलं असेल तर ४:२:१ लिहा आणि पूर्ण गुण घ्या. पण मी गणित शिकवते आणि हे उदाहरण मला फार आवडतं, ते याच कारणासाठी की यात आकडेमोड संपल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. तुमच्या भावाच्या रीतीत तुम्हाला चूक सापडत नाही, कारण तिच्यात आकड्यांची चूक नाहीच. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर ४:२:१ मध्ये त्या बाईवर अन्याय होतो.

अपूर्णांक डोळ्यांपुढे नाचू नयेत म्हणून मालमत्ता २५२ मोहरांची धरू. मग व्यापाऱ्याने लिहिलेलं असं होतं: फक्त मुलगा झाला तर मुलगा १६८, पत्नी ८४. फक्त मुलगी झाली तर मुलगी ८४, पत्नी १६८.

तुमची रीत अशी: पहिल्या कलमात मुलाला आईच्या दुप्पट, दुसऱ्यात आईला मुलीच्या दुप्पट. म्हणून मुलीचा एक भाग, आईचे दोन, मुलाचे चार, एकूण सात. वाटे होतात मुलगा १४४, आई ७२, मुलगी ३६. हे उत्तर खूप जुनं आहे. दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित साल्वियस ज्युलियानस याने हाच पेच असाच सोडवला, आणि सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डायजेस्ट' या कायदेसंग्रहात तो जपला गेला. तिथून तो युरोपातल्या अंकगणिताच्या पुस्तकांत शिरला. तुमच्या पुस्तकातलं उत्तर मुळात एका वकिलाचं आहे, गणितज्ञाचं नव्हे. ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सांगत नाही, तिचा पुढे उपयोग आहे.

आता ७२ या आकड्याकडे नीट बघा. व्यापाऱ्याने दोन शक्यता लिहिल्या. एकीत पत्नीला ८४, दुसरीत १६८. ८४ पेक्षा कमी तिला कोणत्याही परिस्थितीत मिळेल असं त्याने कुठेच लिहिलेलं नाही. तरीही ४:२:१ ने तिच्या हातात ७२ पडतात, आणि तेही दोन तान्ही मुलं सांभाळायची असताना! मुलांचे वाटे घटले हे समजण्यासारखं आहे. भावाला बहीण झाली, बहिणीला भाऊ झाला, वाटेकरी वाढला. पण आईला दिलेला किमान शब्द का मोडायचा?

रीत पारखायची एक चांगली युक्ती आहे. तिला शेजारचं उदाहरण घालायचं. समजा जुळे दोन्ही मुलगेच झाले. 'मुलाला आईच्या दुप्पट' हेच गुणोत्तर धरलं तर २:२:१, म्हणजे आईला पाचवा हिस्सा, जेमतेम पन्नास मोहरा. तिळे मुलगे झाले तर सातवा हिस्सा, ३६. एका मुलासोबत तिला तिसरा हिस्सा देणारा नवरा, तीन मुलगे सांभाळणाऱ्या पत्नीला सातवा हिस्सा देऊ इच्छित होता असं मानणं मला जड जातं. ही रीत जुळ्या भावाबहिणीच्या बाबतीत नीटनेटकी दिसते, पण शेजारच्याच उदाहरणात तिचा तोल जातो.

असं का होतं? गुणोत्तराने वाटणी कुठे शोभते ते लीलावतीत छान दिसतं. भास्कराचार्यांचं (इ.स. ११५०) तिथलं उदाहरण असं: तीन व्यापाऱ्यांनी ५१, ६८ आणि ८५ असं भांडवल एकत्र घातलं आणि धंदा करून एकूण ३०० झाले, तर प्रत्येकाचे किती? भांडवलांची बेरीज २०४. प्रत्येकाचं भांडवल ३०० ने गुणायचं आणि २०४ ने भागायचं: ७५, १०० आणि १२५. इथे गुणोत्तर हाच न्याय आहे, कारण भांडवलाच्या प्रत्येक नाण्याने सारखंच कमावलं आणि चौथा भागीदार आला तर तो आपलं भांडवल घेऊनच येणार. वारसांनी मात्र काहीच घातलेलं नसतं. त्यांचे वाटे म्हणजे एका माणसाची इच्छा, आणि ती इच्छा एका विशिष्ट परिस्थितीसाठी लिहिलेली. 'मुलगा आईच्या दुप्पट' हे व्यापाऱ्याने तत्त्व म्हणून लिहिलं नाही. त्याने 'एकच मूल आणि ते मुलगा, तर असं' एवढंच लिहिलं. त्यातून गुणोत्तर उचलून दुसऱ्या परिस्थितीत वापरलं ते आपण.

आता तुमच्या भावाची रीत. त्याने बहुधा असा विचार केला असेल: दोन्ही कलमं लागू झाली, दोन्हींना सारखा मान द्या. निम्मी मालमत्ता, म्हणजे १२६, 'मुलगा झाला' या कलमाने वाटा: मुलगा ८४, आई ४२. उरलेल्या १२६ 'मुलगी झाली' या कलमाने: मुलगी ४२, आई ८४. आईचे एकूण १२६, बरोबर निम्मे. यात हातचलाखी काहीच नाही, आणि दोन मुलगे झाले तरी आईला ८४ मिळतात, म्हणजे माझ्या मघाच्या कसोटीला ही रीत उतरते. मला खटकतं ते वेगळंच. मुलगा एकटा असता तर त्याला आईच्या दुप्पट मिळालं असतं. इथे त्याला आईपेक्षा कमी मिळतं, आणि त्याला कारण काय, तर बहीण झाली. दोघांचेही वाटे बरोबर निम्म्यावर आले आणि आईला जुळ्याची काहीच झळ लागली नाही. एखाद्या प्रेमळ नवऱ्याने असं ठरवलंही असतं, पण या नवऱ्याने लिहिलेल्या शब्दांत मला ते दिसत नाही.

तिसरी रीत मला सर्वांत पटते. दोन्ही कलमांत कोण आहे? फक्त पत्नी. मुलगा पहिल्या कलमात आहे, मुलगी दुसऱ्या, पत्नी मात्र दोन्हींत, आणि दोन्हींत मिळून तिला किमान तिसरा हिस्सा आहे. तेव्हा तो तिसरा हिस्सा आधी बाजूला काढायचा: ८४. उरले १६८. ते मुलांत वाटायचे, आणि मुलांसाठी त्याने लिहिलेले हिस्से दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश असे आहेत, म्हणून २:१. मुलगा ११२, मुलगी ५६. व्यापाऱ्याच्या मनातला क्रम, मुलगा, मग पत्नी, मग मुलगी, हाही टिकतो. दोन मुलगे झाले तर तिघांनाही ८४. मुलांची संख्या कितीही वाढली तरी आईचा हिस्सा घसरत नाही. (मुलीला मुलाच्या निम्मं, हे मला स्वतःला अजिबात मान्य नाही. पण मालमत्ता त्याची आणि इच्छाही त्याची. वाटणी करणाऱ्याने त्याचं मन ओळखायचं असतं, आपलं त्याच्या जागी ठेवायचं नसतं.)

आणि इथे तो रोमन वकील पुन्हा कामाला येतो. ज्युलियानसने नुसता आकडा दिलेला नाही, कारणही दिलंय. त्याचा आशय असा की कायद्याचा काटेकोर नियम लावला तर हे मृत्युपत्र रद्दच व्हायला हवं. पण मुलगा झाला काय नि मुलगी झाली काय, दोन्ही वेळा पत्नीला काहीतरी मिळावं अशी मरणाऱ्याची इच्छा होती, म्हणून माणुसकीला धरून हा निर्णय द्यायचा. म्हणजे अख्खं मृत्युपत्र त्याने जिवंत ठेवलं ते पत्नीसाठी! मला हे वाचून नेहमी वाटतं की तिच्यासाठीच जर हा खटाटोप केला, तर तिचा तिसरा हिस्साही राखायला हवा होता. त्याचं कारण मला पूर्ण मान्य आहे, आणि त्या कारणातून ७२ पेक्षा ८४ जास्त सरळ निघतात.

एक चौथी वाट थोडक्यात सांगते, कारण तिच्यामागचा विचार सुंदर आहे. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात एक माणूस तीन बायका मागे ठेवून मरतो. विवाहकरारानुसार त्यांचं येणं १००, २०० आणि ३०० आहे, पण मालमत्ता तेवढी नाही. मालमत्ता १०० असेल तर तिघींना सारखं, ३०० असेल तर ५०, १०० आणि १५०, पण २०० असेल तर ५०, ७५ आणि ७५. यात सूत्र कोणतं, याचा उलगडा रॉबर्ट ऑमन आणि मायकेल माश्लर यांनी १९८५ मध्ये केला. (ऑमन यांना पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही याच क्षेत्रातल्या, म्हणजे खेळ-सिद्धांतातल्या (वेगवेगळे हितसंबंध असलेल्या लोकांच्या निर्णयांचं गणित) कामासाठी.) सूत्र असं की कोणत्याही दोघांना मिळालेली एकूण रक्कम घ्या. ज्या भागावर एकाचाच दावा आहे तो त्याला द्या आणि ज्यावर दोघांचाही दावा आहे तो निम्मा निम्मा करा. वाटणी अशी हवी की प्रत्येक जोडीला हे लागू पडेल.

आपल्या उदाहरणात मुलाचा दावा १६८, मुलीचा ८४ आणि आईचा १६८ धरला तर वाटे येतात मुलगा १०५, आई १०५, मुलगी ४२. ताळा करून बघा: मुलगा आणि आई मिळून २१०. प्रत्येकाचा दावा १६८, म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्यासाठी ४२ बिनतक्रार सोडतो. उरलेल्या १२६ वर दोघांचाही दावा, प्रत्येकी ६३. बेचाळीस अधिक त्रेसष्ट, एकशे पाच. पण आईचा दावा १६८ का धरायचा, ८४ का नाही? ८४ धरला तर त्याच सूत्राने मुलगा १४०, आई ५६, मुलगी ५६. सूत्र तेच, तरी आईचा वाटा जवळजवळ निम्मा झाला. बायकांच्या त्या गोष्टीत येणं करारात पक्कं लिहिलेलं होतं. इथे आईचं येणं नक्की किती, हाच तर वाद आहे. म्हणून ही रीत कितीही देखणी असली तरी या प्रश्नाला मी ती लावणार नाही.

आता शेवटचा भाग, मृत्युपत्र कसं लिहायला हवं होतं. व्यापाऱ्याने मूल एकच होईल असं धरलं, तिथेच सगळं अडलं. मी त्याच्या जागी असते तर पत्नीपासून सुरुवात केली असती: एकच मुलगी झाली तर पत्नीला दोन तृतीयांश आणि मुलीला एक तृतीयांश. एकच मुलगा झाला किंवा एकापेक्षा जास्त मुलं झाली तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलांत असं वाटा की प्रत्येक मुलाला प्रत्येक मुलीच्या दुप्पट मिळेल. यात त्याने लिहिलेल्या दोन्ही शक्यता जशाच्या तशा राहतात आणि जुळंही बसतं.

तरी दोन भोकं उरतात, तीही बुजवायला हवीत. एक, जुळ्या मुलीच झाल्या तर? वरच्या मसुद्याने आईला ८४ आणि मुलींनाही ८४-८४. म्हणजे एक मुलगी असताना आईला १६८ आणि दुसरी झाल्यावर एकदम निम्मे. मुलीचा वाटा मात्र ८४ वरून हललाच नाही, बहिणीचा सगळा भार आईवर पडला. माझ्या मते 'फक्त मुली झाल्या तर पत्नीला निम्मं, उरलेलं मुलींत समान' असं वेगळं कलम हवं: आई १२६, मुली ६३-६३. दोन, मूल जन्माला येऊन लगेच दगावलं किंवा जिवंत जन्मलंच नाही तर काय? त्याच्या मूळ मजकुरात याबद्दल एक शब्द नाही, आणि नेमक्या अशा वेळी दीर आणि पुतणे दारात उभे राहतात. 'जिवंत मूल नसेल तर सगळं पत्नीला' ही एक ओळ त्याने लिहायलाच हवी होती.