हात आणि मनगटं सतत गार का पडतात? काही दुखणं असेल का?

बाकी अंग गरम असताना हात मनगटापर्यंत गारठलेले असतात, रक्त कमी असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतं. मी डॉक्टर नाही, पण याच तक्रारीपायी बरीच पायपीट केली आहे, म्हणून लिहितो.

माझंही पहिलं अनुमान रक्त कमी असण्याचंच होतं. हिमोग्लोबिन तपासलं तर उत्तम. थायरॉइडही ठीक. मग एका डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ मी मायग्रेनसाठी रोज प्रोप्रॅनोलॉल घेत होतो. ती बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांच्या) गटातली, आणि हातपाय गार पडणं हा या गटाचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम. म्हणजे डोक्याचं दुखणं हातांवर निघत होतं! त्यांनी डोस हळूहळू उतरवत गोळी बदलली. तुम्हीही रक्तदाबाची किंवा धडधडीची अशी गोळी घेत असाल तर आधी तिकडे बघा. मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या आणि सिगारेट यांनीही रक्तवाहिन्या आकसतात.

गारव्यापेक्षा रंगाकडे लक्ष द्या. गार पाण्यात हात घातल्यावर बोटं पेरापर्यंत पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर तो रेनोचा प्रकार असू शकतो. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने 1862 साली त्याचं वर्णन केलं. तरुण वयात सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा होणारा रेनो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला, बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या, कातडी ताठ वाटू लागली, तर मागे स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार) नाही ना, हे संधिवाततज्ज्ञाकडून बघून घ्यावं.

पण रेनो सहसा बोटांचा खेळ. तुमचं मनगटही गार असतं, म्हणून मी आधी औषधं, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघेन. थायरॉइड मंदावलं असेल तर सोबत थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणं असं काहीतरी असतंच बहुधा. अंगावर मांस कमी असलेल्यांचे हात तर काही आजार नसतानाही गार असतात. मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल तर मनगटात नस दबण्याची शंका घ्यावी, तो वेगळाच विषय.

एकच हात अचानक गार आणि फिका पडला, दुखू लागला, बधिर झाला तर यातलं काहीही वाचत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा. तिथला रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि हाताशी मोजके तास असतात.

आणि हो, रंग बदलेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात आपला नंबर लागेपर्यंत हात हटकून गरम झालेले असतात.